फौजेच्या पंडितजींबरोबर तीर्थपुरीला

संभाजीनगरच्या स्टँडवर मी टेंभुर्णीची गाडी विचारली. खिडकीतल्या माणसानं चष्म्यावरून पाहिलं. "कोणती टेंभुर्णी? सोलापूरकडची का जाफराबादची?" कोल्हापूरहून आलेल्या मला एकच टेंभुर्णी ठाऊक होती, आणि नेमकी तीच नको होती. त्यानं हसत मला भोकरदनच्या गाडीत बसवलं.

या उठाठेवीचं मूळ माझा सैन्यातला भाचा. त्याच्या बोलण्यात सारखे 'आमचे पंडितजी'. फौजेत पगारी पुजारी कशाला, असं मी त्याला चिडवायची. शेवटी तो म्हणाला, "मावशी, ते निवृत्त होऊन टेंभुर्णीला राहतात. त्यांनाच विचार."

भोकरदनहून जीप मिळाली. दोन्ही बाजूंना काळी रानं, वेचणीला आलेला कापूस. टेंभुर्णीच्या फाट्यावर ताठ कण्याचे पंडितजी, सुधाकरराव, उभेच होते. "दहा मिनिटं लेट झाल्या तुम्ही," हे त्यांचं स्वागत.

घरी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी वाढली. आमटी अशी झणझणीत, की माझे प्रश्न घशातच राहिले. सुधाकररावच बोलत होते. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री हे पलटणींबरोबर जुन्या काळापासून आहेत. नवा जवान शपथ घेतो तेव्हा त्याचा धर्मग्रंथ तेच पुढं धरतात. एकदा बर्फामुळं मौलवी डोंगरावरच्या चौकीवर पोचले नाहीत, तेव्हा ईदची दुआ यांनीच मागितली होती. चकमकीत जखमींचं स्ट्रेचर उचलायलाही हेच.

"पण सगळ्यात मोठं काम ऐकून घ्यायचं," ते म्हणाले. "जवान मंदिरात जे बोलला, ते मंदिरातच ठेवायचं. साहेबालाबी सांगायचं न्हाई." माझं चिडवणं तिथंच संपलं. मला स्वतःची थोडी लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना तीर्थपुरीला जायचं होतं, मीही निघाले. जालन्याला गाडी बदलताना त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या पलटणीतला संतोष गस्तीवर मारला गेला, त्याला बरीच वर्षं झाली. गावानं आता त्याच्या नावाचा दगड उभारला होता, आणि त्यावरचा पडदा बापानं काढायचा होता. पण बाप, किसनबापू, यायलाच तयार नव्हता. गावकऱ्यांनी म्हणून पंडितजींना बोलावलं होतं.

बापू मोसंबीच्या बागेत आळी करत होते. खुरपं खाली न ठेवताच म्हणाले, "पंडितजी, त्या दगडापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? आदल्या दिवशी त्याचा फोन आल्ता. बापू, भेव वाटून राह्यलं, म्हणला. मी म्हणलो, फौजी भेत न्हाई, गुमान जा. मीच धाडला त्याला."

सुधाकररावांनी त्यांच्या हातातलं खुरपं काढून बाजूला ठेवलं. त्यांना काहीतरी ठाऊक आहे, हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी बोलू नये असं वाटत होतं, आणि बोलावं असंही.

"फोन झाल्यावर तो मंदिरात आल्ता," ते म्हणाले. "तुमचं बोलणं सांगितलं त्यानं. मी म्हणलो, भेव मलाबी वाटतं. साहेबाला सांगून उद्याचं तुझं नाव काढतो. तर म्हणला, मंग माझ्या जागी पुढच्या नंबरचा जाईल, त्याला महिन्याची लेक आहे. राहू द्या. बापू, मी थांबवत होतो, तरी तो गेला. तुम्ही न्हाई धाडला."

"भेव वाटत असूनबी?"

"बिलकुल. भेव वाटत असूनबी."

बापूंनी पंपावर तोंड धुतलं आणि सुनेकडून धुतलेला सदरा मागवला. गावात येऊन त्यांनी स्वतः पडदा काढला आणि संतोषच्या नावावर तळहात ठेवून उभे राहिले. मला रडू आवरलं नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "एवढी वर्षं का नाही सांगितलं?"

"त्याची परवानगी नव्हती."

"आणि आज?"

"आजबी न्हाई."

बाहेर मोसंबीच्या बागा मागे पडत होत्या. पुजाऱ्याचं काम देवाला निरोप पोचवायचं, अशी माझी समजूत होती. हा माणूस एका पोराचा निरोप त्याच्या बापाला पोचवून आला होता, आणि त्यासाठी आपला शब्द मोडून बसला होता. जालन्याला उतरताना माझी पिशवी हातात देत म्हणाले, "उद्या पहाटेच्या पूजेला आधी त्याची माफी मागतो. मंग देवाचं बघू."