भाऊजींचा विमा

माझा धाकटा भाऊ विमा विकतो. त्यामुळे आमच्या घरात कुणालाही दुसरीकडून विमा घेता येत नाही. घराचा, गाडीचा, एकदा तर नव्या फ्रिजचासुद्धा विमा त्याच्याकडूनच घेतला. परक्याकडून घेतला असता तर भावजय पुढच्या राखीला तोंड फुगवून बसली असती. त्यामुळे आमच्या ह्यांचं नि माझं कॅनडाला जायचं ठरलं, तेव्हा प्रवासाचा विमा कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न जबलपुरात तरी कुणाला पडलाच नाही. मलाही पडला नाही, हीच चूक झाली.

मुलगी कॅनडात. तिचं पहिलं बाळंतपण. फोनवर ती अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते. तिने एकच अट घातली. "मम्मी, पप्पांचं हार्टवालं कव्हर होईल असाच विमा घे. इधर हॉस्पिटल में एक रात मतलब घर बिक जाता है. तसा नाही मिळाला तर पप्पांना मत लाना." अट बरोबरच होती. ह्यांच्या हृदयाच्या नळीत दोन वर्षांपूर्वी नागपुरात जाळी बसवली होती. शुगर तर त्याआधीपासूनची.

पण हे सगळं माझ्या माहेरी कुणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरला पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो, एवढंच मी भावाला सांगितलं होतं. आमच्याकडे जावई म्हणजे जावई. त्याला सर्दी होऊ शकते, फार तर कंबर धरू शकते, पण जाळी? सासरच्यांसमोर आपण आजारी ठरायचं नाही, हा ह्यांचा लग्नापासूनचा हट्ट. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ह्यांनी आयुष्यभर मशिनी सांभाळल्या. मशीन कुरकुरली की दुपारच्या आत खोलून बसणारा माणूस, स्वतःचं काही कुरकुरलं की मात्र ओठ घट्ट मिटून घेतो.

भाऊ रविवारी आला. आला तो खोव्याची जलेबी घेऊन. जावयाच्या घरी रिकाम्या हाताने कसं यायचं! मी जलेबी आत नेऊन ठेवली, तर तो म्हणतो कसा, "ताई, भाऊजींसाठी आणून राहिलो अन् तू लपवून राहिली?" ताटली बाहेर आणावी लागली. आमच्या ह्यांनी दोन खाल्ल्या. मी समोर बसून डोळे मोठे केले, तर ह्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. साळ्याने आणलेलं नाकारायचं नसतं म्हणे.

मग भावाने कागद काढले. "चलो भाऊजी, सही करून टाका." वय स्वतःच लिहिलं. पुढे आजारांचे प्रश्न होते. शुगर आहे का, ब्लड प्रेशर आहे का, हृदयाचं काही आहे का. ते त्याने वाचलेसुद्धा नाहीत. भराभर 'नाही', 'नाही', 'नाही' लिहीत गेला.

"अरे, विचार तरी," मी म्हटलं.

"भाऊजींना काय विचारायचं? भाऊजी तर घोडा हैं!"

घोडा तिसऱ्या जलेबीकडे हात नेत होता.

काय करावं या माणसांचं? एक विचारत नाही कारण समोर जावई आहे, आणि दुसरा सांगत नाही कारण समोर साळा आहे. दोघं एकमेकांचा मान राखतायत आणि त्या मानापायी मला उद्या परदेशात भीक मागायची पाळी येईल. मी खोकले. घसा खाकरला. ह्यांच्या पायाला टेबलाखालून पाय लावायला गेले, तो भावाच्या पायाला लागला. तो दचकून म्हणाला, "काय ताई?" मी म्हटलं, "काही नाही, डास."

मग त्याने पॉलिसीचं पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. बॅग हरवली तर काय, विमान उशिरा सुटलं तर काय, पासपोर्ट गेला तर काय, हे तो अगदी रंगून वाचत होता. ह्यांनीही तेवढ्याच गंभीरपणे विचारलं, "बॅगेत पापड-लोणचं असन तर?" दोघांची त्यावर बराच वेळ चर्चा झाली. लोणचं फुटून कपडे खराब झाले तर तो सामानाचा तोटा की लोणच्याचा! मी हात टेकले. मधेच एका ठिकाणी भाऊ अडखळला आणि "हे काही आपल्या कामाचं नाही," म्हणून पान उलटून पुढे गेला. सही मात्र मी होऊ दिली नाही. ह्यांचा चष्मा सापडत नाही असं सांगून कागद आणि पुस्तक ठेवून घेतले.

तो गेल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "खोटं लिहून दिलंत तर तिथे एक पैसा मिळणार नाही. कळतं का?"

"मग राहू दे न. तू जा एकटी. बाळंतपणात बापाचं काय काम?"

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने महिन्यापूर्वी कानटोपी आणली होती. रोज सकाळी मोबाइलवर तिथली थंडी बघत होता, आणि ती मला कुकरची शिट्टी होता होता ऐकवत होता. नातवंडाला मांडीवर कसं धरायचं हे शेजारच्या बाळावर शिकून झालं होतं. आणि आता म्हणे बापाचं काय काम!

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या नकळत संगणकावर बसले. तिथे पॉलिसींची रांग लागलेली. मी फक्त वय आणि मोबाइल नंबर भरला, तर तासाभरात फोनचा मारा सुरू झाला. "मॅडम जी, गोल्ड प्लान लीजिए." "मॅडम जी, प्लॅटिनम में डेंटल भी है." अहो, दात गेले खड्ड्यात, ह्यांच्या छातीचं बोला! पण छातीचं निघालं की प्रत्येक जण "सर से बात करा दीजिए" म्हणे, आणि सर बाथरूममध्ये जाऊन बसत. शेवटी मी फोन बंद केला आणि चष्मा लावून भावाने ठेवलेलं पुस्तकच वाचायला घेतलं.

त्याने उलटलेलं पान मिळालं. विमा असलेला माणूस परदेशात मरण पावला तर त्याचा देह मायदेशी आणायचा खर्च कंपनी करील, असं त्यात होतं. खाली बारीक अक्षरांत, लपवलेल्या आजाराने मृत्यू आल्यास यातलं काहीही मिळणार नाही. भावाने हे काहून गाळलं ते कळायला वेळ लागला नाही. जावयासमोर बसून, त्याच्याच घरचा चहा पीत, त्याच्या मरणाचं कसं वाचायचं? मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मी ते पान मिटून पुस्तक कपाटात टाकलं.

पुढच्या रविवारी भाऊ सही घ्यायला आला. हातात पुन्हा जलेबी. ह्यांचा हात ताटलीकडे गेला आणि मला काय झालं कोण जाणे, मी ताटलीच ओढून घेतली.

"ह्यांना शुगर आहे. हृदयात जाळी आहे. साखरपुड्याला नव्हतो गेलो आम्ही. झालं? आता लिही!"

भावाचं पेन हातातच राहिलं. "भाऊजींना? ताई, मला काहून नाही सांगितलं? मी काय परका आहो का?" त्याचे डोळे भरून आले. शुगरवाल्या माणसाला आपण दोन रविवार जलेबी आणली, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्याने ताटली माझ्या हातून घेऊन टीव्हीच्या मागे नेऊन ठेवली.

ह्यांचा चेहरा लाल झाला. आता हे उठून आत जाणार आणि दोन दिवस अबोला धरणार, अशी मी तयारीच ठेवली होती. पण हे उठले नाहीत. भावाला म्हणाले, "त्या दिवशी ते पान काहून गाळलं तू?"

"कोणतं पान, भाऊजी?"

"पासपोर्टच्या पुढचं. मी पाहून राहिलो होतो. वाच."

"जाऊ द्या न भाऊजी, तसलं कशाला..."

"वाच म्हणतो न."

मी कपाटातून पुस्तक आणून दिलं. भाऊ वाचू लागला. आवाज इतका बारीक की ह्यांनी दोनदा "जोरात" म्हटलं. वाचून झाल्यावर ह्यांनी कारखान्यात माल तपासताना विचारावं तसं विचारलं, "आजार खरा लिहिला तरी हे भेटते का?"

"भेटते. फॉर्म हाच, पण मग दुसरा प्लान घ्यावा लागन. जुना आजार चालणारा. तो महाग आहे, भाऊजी, अन् डॉक्टरचे रिपोर्टही लागतीन."

"तोच घे. सामानाचं नसलं तरी चालन."

एवढे दिवस मी भांडत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं होतं, ह्यांना साळ्यासमोर लाज वाटते, बस, एवढंच. ह्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "पोरगी ओली बाळंतीण राहीन. कडेवर लेकरू. अशात माझं काही झालं तर तिनं कोणाकोणाच्या हातापाया पडायचं? मला इकडे कोण आणन? म्हणून म्हणत होतो, तू एकटी जा."

भाऊ खाली मान घालून कागदावर 'नाही' खोडून 'हो' लिहीत होता. प्रत्येक 'हो' लिहिण्याआधी तो आता थांबून विचारत होता. शुगर कधीपासून, भाऊजी? गोळी कोणती, भाऊजी? आणि हे लहान मुलासारखे उत्तर देत होते. मी इतक्या वर्षांत ह्यांना माझ्या माहेरच्या माणसासमोर आजाराबद्दल एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. एवढं मोठं ओझं मनात घेऊन हा माणूस रोज सकाळी मला कॅनडाची थंडी सांगत होता!

"ऐका," मी म्हटलं, "आणायचं कसं ते नंतर बघू. आधी जिवंत चला. तिथे कानटोपी घालून नातवंडाला मांडीवर घ्या. आणि परत येतानाही विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीवरच बसायचं, समजलं?"

ह्यांनी मान डोलावली आणि भावाला म्हणाले, "खिडकीची भेटते का पाहा."