बुद्धीची बोली

आमच्या बसडेपोत तिला सगळे दाभण म्हणतात आणि तिला त्याचा राग येत नाही. राग यायच्या गोष्टी तिच्याकडे दुसऱ्या आहेत. बसच्या फाटक्या सीटा शिवणं हे तिचं काम. जाड रेक्झिनमधून दाभण आरपार काढताना ती दातओठ खाते, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोण असतं ते मला ठाऊक आहे. तिचा धाकटा दीर.

मी त्याच डेपोत स्टोअर सांभाळते. दोरा, मेण, खिळे, रेक्झिनचे ताके माझ्या हातून जातात, त्यामुळे कोण काय करतं ते मला दिसतं. ही गोष्ट सांगताना मी कोणाची बाजू घेणार नाही, असं समजू नका. घेणार आहे.

तिच्या लग्नात दीर तिच्या कमरेएवढा होता. सासू नव्हती. हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, मोठा झाल्यावर दहा जणांच्या विनवण्या करून डेपोत चिकटवलं आणि दाभण धरायलाही शिकवलं. तेव्हा सीटचं कव्हर खिळ्यांनी ठोकत. जरा फाटलं की अख्खी सीट उचकटावी लागे. हिनं उशीच्या अभ्र्यासारखी खोळ बेतली. मागची दोरी ओढली की घट्ट, सोडली की मोकळी. पहिली खोळ माझ्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवली गेली, माझ्यासमोर. दिरानं ती काखोटीला मारून वरच्या ऑफिसात नेली, "मी बेतली" म्हणाला आणि सुपरवायझर होऊन खाली आला. तेव्हापासून ती 'साहेबांची खोळ' झाली, आणि घरात वहिनीला 'तू' म्हणणारा दीर कामावर तिला 'तुम्ही' म्हणायला लागला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पुष्कळ पाहिलेत. हा तर वासेच काढून घेऊन गेला.

तिनं वर जाऊन सांगितलं. ऑफिसातले लोक हसले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "घरातली गोष्ट आहे, चव्हाट्यावर कशाला? भाऊच आहे ना माझा." तिला ना त्याची खुर्ची हवी होती, ना पगार. चार माणसांसमोर त्यानं एकदा म्हणावं, 'खोळ वहिनीची'. बस, एवढंच. तेवढंही त्या मेल्याच्या तोंडून निघेना.

रविवारी दुपारी आम्ही पाच जण सीट विभागातल्या कापायच्या टेबलावर खेळायला बसतो. दाभण, तिचा दीर, तिकिटांच्या खिडकीवरची तिकीटवाली, कायम काळेच हात घेऊन येणारा मेकॅनिक डिझेल, आणि मी. खेळ म्हणजे तोंडी रचलेला प्रवास, तो मी चालवते. वाटेत काय आलं ते मी सांगायचं, आणि प्रत्येकानं आपलं एक मनातलं माणूस घेऊन त्यातून वाट काढायची. पण त्या माणसाच्या अंगात बळ, बुद्धी, दम आणि चलाखी किती, ते आधी ठरवावं लागतं. आम्ही ते फाशांवर ठरवायचो: चार फासे टाकायचे, सगळ्यांत लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज धरायची.

यातही दीर तोच. कमी पडलं की "फासा कडेला लागला, पुन्हा टाकतो." परत कमी पडलं की "फासा तिरका बसला, हा धरायचा नाही." डिझेल एकदा म्हणाला, "साहेबांचा फासासुद्धा प्रमोशन घेतल्याशिवाय थांबत नाही." सगळे हसले. दाभण हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "फासे ठेव आत. तू ती बोलीची पद्धत सांगत होतीस ना, ती लाव."

पद्धत सोपी. सगळ्यांना सारखे शंभर गुण. एकेका गोष्टीवर मोठ्यानं बोली लावायची. ज्याची बोली सगळ्यांत वरची, तो त्या गोष्टीत पहिला. मेख पुढे आहे: तोंडातून गेलेली शेवटची बोली खर्च झालीच, जिंका नाहीतर हरा.

"हरणाऱ्याचेही जातात?" तिकीटवालीनं विचारलं. "मग उगाच बोलायचं कशाला?"

"असते एखाद्याला हौस," दाभण म्हणाली.

चलाखीवर डिझेल आणि तिकीटवाली यांनी एकमेकांची पिसं काढली. दोघांकडे चिल्लर उरली. मग मी बुद्धी पुकारली.

"दहा," दीर म्हणाला.

"वीस," दाभण म्हणाली. "पण तू विकत कशाला घेतोस रे? तुझ्याकडे आहेच ना? वरच्या ऑफिसनं शिक्का मारलाय."

त्याचे कान लाल झाले. "तीस."

"चाळीस. ऐनवेळी कमी पडली तर माझी घेशीलच म्हणा."

"पंचाहत्तर!" तो टेबलावर हात आपटून ओरडला.

"घे बाबा," ती म्हणाली. तिचे चाळीस पाण्यात गेले होते, पण चेहरा असा, जणू आत्ताच पोटभर जेवून उठली आहे. बळ आणि दम दोन्ही तिनं उरलेल्या साठात उचलले. त्याच्याकडचे पंचवीस कुठेच पुरले नाहीत. अक्कल मोठी, अंगात काडीचं बळ नाही, असा त्याचा माणूस तयार झाला. मी म्हटलं, हुबेहूब जमलाय.

खेळात मी त्यांना दरीवरच्या जुन्या पुलावरून नेलं. पूल मोडला. हे मी मुद्दाम केलं का? पूल जुनाच होता. तिघे पलीकडे पोचले, दिराचा माणूस दोरीला लोंबकळत राहिला. दोरीचं दुसरं टोक दाभणीच्या हातात.

"ओढा वहिनी," तो म्हणाला.

"ओढते की. आधी सांग, खोळ कोणाची?"

टेबलावरचं हसणं थांबलं. तो म्हणाला, "तुम्ही पण ना. खेळ आहे हा."

"मग खेळातच सांग."

"दोरी सोडणार आहात का?"

"छे. सोडीन कशी? लहानपणापासून धरलेली आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझा दम किती?"

"सगळ्यांत जास्त," मी म्हणाले. "हवा तेवढा वेळ धरून राहशील."

"मला काही घाई नाही," असं म्हणून तिनं पिशवीतून दोरा काढला आणि त्याला मेण लावत बसली.

तो डिझेलकडे वळला. डिझेल नखातलं काळं कोरत होता. तिकीटवालीकडे वळला. ती म्हणाली, "दोन शब्दांचं काम आहे, साहेब."

त्यानं तोंड उघडलं. आता निघतंय, असं मला वाटलं. ओठ हललेही. मग मान खाली घालून तो म्हणाला, "वहिनी, तू छळतेस मला." आणि माझ्याकडे न बघता, "मी सुरी काढतो. दोरी कापतो."

"मरशील," मी म्हणाले.

"मरू दे."

मेला.  मग तिकीटवाली हळूच म्हणाली, "म्हणजे खोळ वहिनींचीच होती." खरं सांगते, मला उकळ्या फुटत होत्या.

सोमवारी सकाळी डिझेल माझ्या खिडकीशी आला. दीर शेजारीच हजेरी घेत होता. डिझेल चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "एक दाभणीची खोळ द्या." मी दिली. दिरानं हजेरीचं पान उलटलं. दुपारपर्यंत धुलाईवालेसुद्धा तिला 'दाभणीची खोळ' म्हणायला लागले.

पुढच्या रविवारी तो येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आला. आला नसता तर त्याचा आणखी बोभाटा झाला असता. ती गोष्ट तिथेच संपवून आम्ही नवी माणसं करायला घेतली. पुन्हा शंभर गुण, पुन्हा बोली. मी या वेळी बुद्धीपासूनच सुरुवात केली.

"बुद्धी. कोण बोलतंय?"

डिझेलनं ओठ मिटले. तिकीटवाली छताकडे बघू लागली. दीर शर्टाचं बटण फिरवत बसला. 

दाभणीनं एकेकाकडे पाहिलं. शेवटी दिराकडे, जरा जास्त वेळ.

"एक," ती म्हणाली.

मी तीनदा पुकारलं. कोणी वर गेलं नाही.