शेतीचा रकाना

मुकुंदवाडीतल्या माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात ते एकदाच आले. पांढरं धोतर, आणि बियाण्याच्या दुकानाची कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. शेंद्र्याची त्यांची सगळी जमीन कारखान्यांसाठी गेली होती. तिच्या मोबदल्याच्या पैशातून इंग्लंडातल्या मुलानं तिकडंच त्यांच्या नावावर फ्लॅट घेतला आणि भाड्यानं दिला. त्या भाड्याचं रिटर्न भरायचं होतं.

कागदांत फ्लॅटचा फोटो निघाला. मला राहवलं नाही. "घर पाहून आलात का?"

"नाय. पण तिकडं पाऊस लई, म्हणत्यात." फोटोतल्या हिरवळीवर त्यांनी बोट ठेवलं. "एवढी जागा नुसती गवताला सोडली!"

मग हळूच म्हणाले, "सायब, हे भाडं शेतीत टाका की. जमिनीच्याच पैशाचं हाय."

शेतीच्या उत्पन्नाला कर नसतो, म्हणून म्हातारा हुशारी करतोय, असं मला वाटलं. मी जरा तोडूनच सांगितलं, की परदेशातलं भाडं घराच्या उत्पन्नातच दाखवावं लागतं. तिकडं भरलेल्या कराची सूट तेवढी मिळेल.

"कर घ्या की लागंल तेवढा," ते म्हणाले. "शेतीचा रकाना कुठंय?"

मी स्क्रीनवर दाखवला. कोराच होता.

"तिथं शून्य लिवा."

"कोरा ठेवला काय, शून्य लिहिलं काय, सारखंच."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं रोखून पाहिलं.

"सारखं कसं? शून्य म्हंजी औंदा पिकलं नाय. कोरं म्हंजी जमीन कधी नव्हतीच."