सहाव्या मजल्याचा नकाशा

मंगळवारी भाऊ एटापल्लीला वारला. ताप मेंदूत गेला होता. मी मूल गावच्या शाळेत पेपर तपासत होते. फोन आल्याचं शिपायाने येऊन सांगितलं. हातातला पेपर मी पुरा तपासला आणि मग उठले.

भाऊ तिथे वनरक्षक होता, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. महिन्यातून एका रविवारी तो एस.टी.ने घरी यायचा आणि जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसायचा. चंद्रपूरचा एक क्लास बंद पडला तेव्हा तो कॉम्प्युटर त्याने जुन्यात आणला होता. त्यात दोन खेळ आधीपासूनच होते. दोन्हींत माणसांची टोळी घेऊन निघायचं, लढायचं, हळूहळू तरबेज व्हायचं. एकाला आम्ही भुयार म्हणायचो, दुसऱ्याला मुलूख.

भुयारात काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषा, एवढंच दिसे. दहा मजले खाली उतरायचं आणि खेळ स्वतः नकाशा देत नसे. टोळीतला मेलेला माणूस बहुतेक मेलेलाच राही. मुलूख नंतरचा, रंगीत. त्यात गावं होती, बोलणारी माणसं होती, नकाशा आपोआप उलगडे. एका गावात खोटं बोललं की पुढच्या गावात ते कळलेलं असे. पुस्तकं वाचत वाढलेल्या मला मुलूखच हवा होता.

"त्याच्यात सारे नुसते बोलूनच राह्यले," भाऊ म्हणायचा. "खेळ हाय का ग्रामसभा?"

"अन् तुझ्या भुयारात काय हाय? भिंती!"

"भिंतच तर हाय, बाई. तिच्यामागं काय हाय ते माईत नाई, म्हणून तर मजा."

त्याचा डावा हात कीबोर्डवर, उजव्यात पेन्सिल. एक पाऊल, एक चौकोन. दर मजल्याला एक ग्राफ पेपर. न पाहिलेली जागा कोरी. नोकरीला लागला तेव्हा एका म्हाताऱ्या वनमजुराने त्याला हेच शिकवलं होतं: जिथे पाय पडला नाही ते कागदावर काढायचं नाही. कचेरीत बसून जंगलाचे नकाशे भरणारेही त्याने पाहिले होते. एरवी शिवी न देणारा माझा भाऊ त्यांना शिवी देई.

हे सगळं मला ठाऊक होतं.

भुयार संपलं की मुलूख दोघांनी मिळून खेळायचा, मी वाचायचं आणि त्याने लढायचं, असं ठरलं होतं. पण महिन्याला एकच रविवार, त्यातही लोडशेडिंग. दीड वर्षात तो सहाव्या मजल्याच्या निम्म्यात पोचला होता. मला धीर निघेना. चंद्रपूरला एका सायबर कॅफेत भुयाराचे सगळे नकाशे सापडले. ते छापून आणले आणि त्याच्या सहाव्या कागदाचा कोरा अर्धा भाग भरून टाकला. शाईने, पट्टी लावून. उतरायच्या जिन्यापाशी बाणही काढला.

पुढच्या महिन्याच्या रविवारी त्याने कागद उघडला आणि शाईवरून बोट फिरवलं.

"हे तू चालून पाह्यलं काय?"

"नाई."

"मंग काढलं काऊन?"

"तुझं लवकर संपावं म्हणून."

"संपवाची घाई कोणाले होती, बाई?"

आवाज चढला नाही. त्याने सहाही कागद घडी करून पेटीत ठेवले. म्हणाला, "लाव तुझा मुलूख." त्या दुपारी मी वाचत गेले, मी सांगेन ते बटण तो दाबत गेला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते असं होतं. त्यानंतरच्या रविवारी तो जेवून झोपला. त्याच्या पुढच्याही. मग ताप आला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जमलेल्यांत एक काका म्हणाले, "ते मशीन विकून टाक, बाई. कोण खेळते आता?" मी हो म्हटलं. सगळे गेल्यावर ते सुरू केलं आणि पेटीतला सहावा कागद काढून शेजारी ठेवला. त्याची सहा माणसं सहाव्या मजल्यावर, जिथे पेन्सिल थांबली होती तिथेच उभी होती. मी त्यांना शाईवरून चालवत नेलं. प्रत्येक वळण बरोबर निघालं, प्रत्येक दार जिथे काढलं होतं तिथेच. एकदा तरी भिंत आडवी येऊन नकाशा खोटा ठरावा, असं वाटत होतं. जिना आला. मी खाली उतरले नाही.

खेळात मजा कशाने येते हा वाद आम्ही पुष्कळ घातला. तो हरला असता तर बरं झालं असतं. तो बरोबर होता, आणि हे मला त्याच्याच माणसांना चालवून कळलं.

नंतर शाई ब्लेडने खरवडून पाहिली, तर कागद फाटायला लागला. तसाच ठेवला.

कॉम्प्युटर विकला. सहा कागद आहेत. सहाव्यावर अर्धा मजला त्याचा आहे, अर्धा माझा.