वहिनींच्या हिमालयाची तयारी

एव्हरेस्टच्या तळापर्यंत चालत जायचं, ही कल्पना आमच्या घरात पहिल्यांदा काढली मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ते सगळे सोयीस्कर विसरले. आणीबाणी नुकतीच उठली होती. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात एका गृहस्थांनी पडद्यावर नेपाळची चित्रं दाखवली. शिखरावर चढणारे वेगळे, पण खालच्या तळापर्यंत तुमच्याआमच्यासारखी माणसंसुद्धा चालत जातात, असं ते म्हणाले. मी घरी आले ती उड्या मारतच. जेवताना दादाला म्हटलं, "मे महिन्याची सुट्टी आहे, नेपाळला पासपोर्ट लागत नाही, आपण जाऊ या." दादा शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं आमटी भुरकली नि म्हणाला, "बघू."

त्याचं ते 'बघू' काय होतं, ते संक्रांत झाल्यावर कळलं. एका रविवारी आमच्या ओसरीवर बैठक भरली. दादा, त्याच्या शाळेतले एक मास्तर, त्यांची बायको आणि जवळच्या गावातले एक निवृत्त सुभेदार. सुभेदारांनी सिक्कीमकडं बर्फात नोकरी काढलेली. मधे नकाशा पसरलेला, आणि दादा बोट फिरवत सांगतोय, "माझ्या कितीतरी दिवस मनात होतं." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण खरी ठिणगी पुढंच पडली. मास्तरांची बायको येणार, तर तिला बाईमाणसाची सोबत हवी, असं निघालं. मी ट्रे खाली ठेवून म्हणणारच होते की मी आहे ना, तेवढ्यात दादा म्हणाला, "आमची ही येईल."

आमची ही म्हणजे वहिनी. सांगलीची. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या घरातली, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सांगली कशी, तर परातीसारखी सपाट. तिथं चढ म्हणजे कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या, तेवढाच. आमच्या माडीचा जिना चढताना वहिनी कठड्याला धरायच्या! आणि मी? लहानपणापासून अजिंक्यतारा म्हणजे माझं अंगण. यवतेश्वराचा चढ मी बोलत बोलत चढायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

त्या रात्री मी बाबांपुढं उभी राहिले. "सोबत हवी तर मी जाते. वहिनींना तरी कुठं हौस आहे?"

बाबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "तुझं यंदा उरकायचंय. मे-जूनमध्ये स्थळं बघायला येतील. त्या बर्फावरच्या उन्हानं माणूस काळा ठिक्कर पडतो म्हणे. तशी परत आलीस तर बघायला आलेली माणसं दारातूनच माघारी जातील."

"आणि वहिनी काळ्या पडल्या तर?"

"तिचं झालंय लग्न," आई आतून म्हणाली. "ती कशी का दिसेना, दादाला चालतंय."

म्हणजे एवढ्याशा गोष्टीवर माझा हिमालय अडला. माझ्या तोंडाच्या रंगावर. मी रडले नाही. पण त्या दिवसापासून वहिनींचा हसरा चेहरा दिसला की माझ्या पोटात दुखायचं. अगदी खरंखुरं दुखायचं, म्हणून आई मला ओवा चावायला द्यायची.

नुसतं दुखून थांबलं असतं तर बरं होतं. तयारी सुरू झाली आणि ती सगळी माझ्याच गळ्यात पडली. मेतकूट मी भाजायचं. शेंगदाण्याची चटणी मी कुटायची. गूळपापडीच्या वड्या मी थापायच्या. वहिनींना सासऱ्यांपुढं सलवार घालायची लाज वाटायची, तर शिंप्याकडं त्यांना मीच घेऊन गेले. त्यानं माप घेताना विचारलं, "कुठं दौरा?" आणि वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "हिमालयात जायचंय." शिंपी आदरानं उठून उभा राहिला. आजवर माझ्यासाठी कुणी शिंपी उभा राहिलेला नव्हता.

थंडीत मी एक स्वेटर विणायला घेतला होता. लाल, बंद गळ्याचा, जाड. कुणाला बोलले नव्हते, पण तो नेपाळसाठीच होता. कोण जाणे, ऐनवेळी बाबांचं मन वळलं तर? बाह्या जोडून झाल्या त्या दिवशी आईनं तो उचलला, वहिनींच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "अगदी मापात बसला! देऊन टाक गं, तुला इथं कुठं लागतोय?" वहिनी म्हणाल्या, "नको हो, वन्संनी हौसेनं विणलाय." तेवढं बोलून त्यांनी तो घातलाही. आणि वर त्यांना तो माझ्यापेक्षा शोभत होता!

सगळ्यात कडी म्हणजे वहिनींना चढायची सवय कुणी लावायची? दादाला सकाळच्या शिकवण्या. मग फर्मान निघालं की रोज पहाटे मी त्यांना अजिंक्यताऱ्यावर न्यायचं. मी मनात म्हटलं, बरं. नेते की. अशी नेते, की चार दिवसांत स्वतःच म्हणतील, मला नाही जायचं.

पहिल्या दिवशी वहिनी पहिल्याच वळणावर मटकन बसल्या. "वन्सं, जरा थांबू या का हो?"

"हिमालय थांबणार आहे का तुमच्यासाठी?" मी म्हणाले आणि चालू लागले. गाडीरस्ता सोडून त्यांना घसरड्या पायवाटेनं काढलं. त्या पडल्या, खरचटल्या, उठल्या. दादानं सांगितलं होतं की पाठीवरच्या पिशवीत थोडं वजन घाला, दोनतीन पुस्तकं वगैरे. मी स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता घातला.

"हे काय हो वन्सं, एवढं जड?"

"सुभेदारांनी सांगितलंय," मी ठोकून दिलं.

बस्स, त्या शब्दापुढं त्यांनी कधी प्रश्न केला नाही. खलबत्ता पाठीवर घेऊन ती सांगलीची बाई रोज किल्ला चढू लागली. आधी रडत, मग धापा टाकत, मग नुसतीच गप्प. होळी झाली तोवर ती माझ्या बरोबरीनं चालायला लागली. पाडव्याच्या सुमारास एकदा मागं वळून मलाच म्हणाली, "चला ना वन्सं, आज का रेंगाळताय?" मला वाटलं, तिथंच खलबत्ता काढून स्वतःच्या कपाळात घालावा. हिला थकवायला निघाले आणि हिलाच तयार करून बसले. अक्कल म्हणून नाही मला!

मग सुभेदारांनी सगळ्यांची परीक्षा घेतली. एका रविवारी सामान पाठीवर घेऊन मंडळी किल्ल्यावर निघाली. मीही गेले, पोह्यांचा डबा नि पाण्याची कळशी घेऊन. वर पोचायला मी पहिली, माझ्यामागं वहिनी. दादा, ते मास्तर आणि त्यांची बायको बऱ्याच वेळानं आले, तोंडं लालबुंद, कपडे चिंब. सुभेदार शेवटी आले, मुद्दामच सगळ्यांच्या मागं राहून. त्यांनी कळशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्तर," ते दादाला म्हणाले, "तुमची मंडळी तर तयार झाल्या की! पर ही पोरगी लय काटक हाय रं. भरली कळशी घिऊन वर आली, धाप न्हाई का काय न्हाई. हिला का न्हाई न्येत?"

मी कळशी खाली ठेवली. दादा गवताची काडी मोडत म्हणाला, "बाबांना विचारावं लागेल."

सुभेदार भला माणूस, त्यांनी खाली उतरल्यावर खरंच विचारलं. "आवं, पोरीला पाठवा की. म्या हाय. माज्या पोरीवाणी संभाळतो." मी दाराआड उभी होते, कान देऊन. वहिनीही माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी सुभेदारांपुढं पानाचं तबक सरकवलं आणि म्हणाले, "सुभेदार, लेकीच्या बापाचं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको." सुभेदारांना दोन लेकी होत्या. त्यांनी पान घेतलं. संपलं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, मला फार वाईट वाटतं हो." मला ते ऐकून आणखीच चीड आली. वाईट वाटतं तर राहा ना घरी! पण ते कुणी म्हणत नाही, आणि मी तरी कशाला म्हणेन, त्या राहिल्या म्हणून मला थोडंच पाठवणार होते?

निघायच्या दिवशी मीच ओवाळलं. दादाला कुंकू लावलं, वहिनींना लावलं. मनात म्हटलं, देवा, हिचा पाय मुरगळू दे, फार नाही, पुण्यापर्यंत जाऊन परत येण्याइतका. एसटी हलली. वहिनी खिडकीतून माझा लाल स्वेटर हलवत होत्या. उन्हाळा होता, अंगात घालायची सोय नव्हती.

तो मे महिना मी कसा काढला, माझं मला माहीत. आईनं माझं किल्ल्यावर जाणं बंद केलं. दुपारी खिडकीत उभं राहायचं नाही, बाहेर पडले तर छत्री. रोज संध्याकाळी तोंडाला डाळीचं पीठ, साय आणि हळद. हळदसुद्धा वहिनींच्या माहेरची, सांगलीची! लेप वाळून तोंड ताठ व्हायचं, बोलता यायचं नाही, आणि तशी बसून मी हिशेब करायची की आता ते कुठवर पोचले असतील. पूल लागला असेल का. बर्फ दिसला असेल का.

जून लागता लागता मंडळी परतली. वहिनींना मी ओळखलंच नाही. नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले, रंग तव्यासारखा. आणि चाल बदललेली. अख्खी गल्ली आमच्या ओसरीवर जमली. दादा सांगायला लागला की आयाबाया म्हणायच्या, "तुम्ही थांबा हो, तिला सांगू द्या." कारण शेवटच्या दिवशी दादाचं डोकं भयंकर दुखायला लागलं, तो अलीकडच्याच मुक्कामाला पडून राहिला होता, मास्तर आणि त्यांची बायकोही त्याच्याजवळ थांबले. तळावर पोचले ते सुभेदार आणि वहिनी, दोघंच.

दोघीच असताना मी विचारलं, "काय असतं हो तिथं?"

"दगड नि बर्फ," त्या म्हणाल्या. "आणि गंमत सांगू का वन्सं? त्या तळावरून ते शिखर दिसतच नाही. पुढचे डोंगर आड येतात."

माझं मन राखायला बोलल्या, ते मला कळलं. पण जाऊन आलेल्या माणसालाच असं बोलणं परवडतं. मी तिथून उठून गेले.

त्यानंतर पंधरवड्यातच ते स्थळ बघायला आलं. मुलगा कोयनानगरला धरणावर इंजिनिअर, घर सांगलीचं. बाबांना फार पसंत. आईनं मला मोरपंखी साडी नेसवली, उजेड तोंडावर येईल अशा बेतानं खुर्ची ठेवली. मी पोहे दिले, काट्यावर बसावं तशी अवघडून बसले. मुलाची आई माझ्याकडं बघत होती, वडील बाबांशी उसाच्या भावाचं बोलत होते. मग मुलगा पुढं झुकला आणि एकदम उत्साहानं मला म्हणाला, "तळाजवळ थंडी किती होती हो? झोप लागायची?"

बाबा खाकरले. "ती आमची सून. सूनबाई गेल्या होत्या."

"असं होय?" मुलाचा चेहरा पडला. "सांगलीत सगळीकडं बोलबाला आहे, साताऱ्याच्या या घरातली मुलगी हिमालयात जाऊन आली म्हणून. आम्हाला वाटलं, त्या ह्याच. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच बघायला आलो. मला डोंगराचं वेड आहे." मग माझ्याकडं वळून अगदी सरळपणानं विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?"

मी बाबांकडं बघितलं. म्हटलं, यांनी सांगावं. बाबा तबकातल्या सुपाऱ्या सारख्या करत होते. आई दाराच्या चौकटीला टेकलेली.

"काळी पडेन म्हणून," मी म्हणाले. "मला तुम्हाला दाखवायचं होतं ना."

मुलानं हातातली बशी खाली ठेवली. त्याची आई मात्र मान डोलवत म्हणाली, "ते बाकी खरं हो, रंग छान राखलाय पोरीचा." वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, तशाच मागं वळल्या. त्या स्थळाचं पुढं काही झालं नाही, आठवड्यानं नकार आला.

पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, तर वहिनी ओट्याशी उभ्या राहून हुंदके देत होत्या. पदर तोंडात कोंबलेला, सालं निघालेलं ते नाक लाल झालेलं. मला बघून म्हणाल्या, "वन्सं, माझ्यामुळं हो..."

"डोळे पुसा आधी," मी म्हणाले. "हिमालय तुम्ही नेलात. रडणं तरी माझं मला राहू द्या."