माझ्या मशीनवर तिचं झाड

स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर मी नक्षी कापायचं करवतीचं मशीन घेतलं आणि मरोद्यातल्या घराच्या मागच्या पडवीत बसवलं. दोऱ्यासारखी बारीक पाती खालीवर पळत असते. कागदावरचं चित्र प्लायवर चिकटवायचं आणि तो प्लाय पातीपुढे हळूहळू फिरवत न्यायचा. सारी नोकरी मशीन शॉपमध्ये गेलेली, त्यामुळे हे आपलंच काम, असं मी धरून चाललो. बुद्धाचे चेहरे, स्तूप, कमळं कापली, सागाच्या पट्ट्यांच्या चौकटीत बसवून नातेवाइकांना वाटली.

एका दुपारी बाजारातून आलो तर मशीनचा आवाज येत होता. पडवीत बायको बसली होती.

"काय करून राहिली?"

"तुमचा उरलेला तुकडा होता. पाहून राहिली होती, जमते का."

तुकड्यावर पिंपळाचं पान होतं. उजेडाकडे धरलं तर शिराशिरांतून ऊन आलं. शेपटीसारखं टोक शेवटपर्यंत निमुळतं होत गेलं होतं, कुठे थरथर नाही.

"पाती मोडली असंल?"

"नाही."

माझी रोज मोडायची. तिने ते पान बैठकीत खिळ्याला लावलं आणि भाजी निवडायला गेली.

पुढे विहाराचं सभागृह रंगवून झालं. समोरच्या भिंतीवर बोधिवृक्षाखालचा बुद्ध हवा, असं ठरलं. विहाराचे अध्यक्ष घरी आले तेव्हा मी आधीच मनात प्लायचं माप काढून ठेवलं होतं. चहा पिता पिता त्यांची नजर पानावर गेली.

"हे कोणं केलं?"

"हिनं. असंच, सहज."

"मंग झाड ताईनंच करावं."

मी कप उचलून आत नेऊन ठेवला. त्यांचा चहा अजून संपायचा होता, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

ती दुपारी झाड आणि त्याखालचा बुद्ध कापायची. मी सकाळी माझं वेगळं काढलं: दारू पाजून रस्त्यावर सोडलेला हत्ती बुद्धापुढे गुडघे टेकतो, तो प्रसंग. झाडापेक्षा अवघड. विहारातल्या लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून बघावीत, अशी माझी इच्छा होती. हत्तीचं अंग छान उतरलं. मग पाती डोळ्याच्या भोकातून घालून आतलं कापायला घेतलं आणि प्लायने हिसका खाल्ला. सोंड तुटून खाली पडली.

ती दारात उभी होती.

"आतलं आधी कापा न. बाहेरचं मागून. मंग सोंडेले आधार राहते."

"मले शिकवू नको."

तिने सोंड उचलून माझ्या हाताशी ठेवली आणि आत गेली. मी ती फेव्हिकॉलने चिकटवली, पण जोड दिसायचा तो दिसलाच.

तिचं झाड पूर्ण झालं तेव्हा चौकटीचे कोपरे तिला जुळेनात. ते मी करून दिले. मागे काळं कापड लावलं, काच बसवली. कोपऱ्यात नख जाणार नाही इतके नीट जोडले. विहारातल्या कार्यक्रमात तिला फुलं दिली. एक बाई मला म्हणाल्या, "काकाजी, तुम्हीच केलं असेल बहुतेक."

मी हसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

"चौकट यांचीच आहे," बायको मागून म्हणाली. तिने ते कौतुकाने सांगितलं, हे मला कळत होतं. तरी सगळ्यांनी मान वर करून चौकट पाहिली आणि पुन्हा झाडाकडे वळले, ते मी पाहिलं.

आता स्मृती नगरच्या दोघी तिच्याकडे शिकायला येतात. त्या ऑटोतून उतरल्या की बायको पडवीत डोकावते.

"तुमचं झालं का?"

"अजून आहे," मी म्हणतो, आणि समोर कापायला काही नसलं तरी पाती घट्ट करत बसून राहतो.