दसऱ्याआधीचे झंपर

पुलगावच्या बाजारात एका शेटजींचं शिलाई मशीनचं दुकान होतं. मशिनी चांगल्या होत्या, पण खपत नव्हत्या. बायका पुरुष विक्रेत्यासमोर बसत नाहीत, असं शेटजींच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मला कामावर घेतलं. मी चौथी शिकलेली, नवरा गिरणीत. घरच्यांनी आधी नाक मुरडलं, मग हो म्हटलं.

कंपनीचा माणूस मुंबईहून येऊन मला शिकवून गेला. शटल कसं फिरतं, पोलाद कुठलं, दात कापड कसे पुढे ढकलतात, सगळं मी तोंडपाठ केलं. त्याचा मला अभिमानही वाटायचा. नाचणगावला टांग्यानं मशीन न्यायची, कुणाच्या तरी ओसरीवर ठेवायची आणि घडाघडा बोलायचं. बायका ऐकायच्या, चहा पाजायच्या आणि शेतात निंदणाला निघून जायच्या. अख्खा पावसाळा असाच गेला. पोळ्यानंतर शेटजी म्हणाले की दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर हे फिरणं बंद.

त्यानंतर मी नाचणगावच्या एका वस्तीत गेले. तिथली घरं त्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घ्यायला निघणार होती. सगळीकडे तीच गडबड. मी बोलत बोलत शटलपर्यंत आले होते तेवढ्यात पुढे बसलेल्या एका बाईनं मला थांबवलं. उंच, सावळी, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी. बोलली मात्र अगदी शांतपणे.

"बाई, ते चाक फिरते ते दिसलं. याच्यावर माहा पांढरा झंपर दसऱ्याच्या आत होईन का, ते सांगा."

मी विचारलं, शिंपी नाही का? तिनं सांगितलं की शिंप्याकडे सणाचे कपडे पडले आहेत, तो दिवाळीनंतर ये म्हणतो. दीक्षेसाठी वस्तीत सगळ्यांनी पांढरं कापड आणून ठेवलंय. हातानं शिवायला बसलं तर मजुरी बुडते, आणि फाटकं घालून तिथं जायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय.

कंपनीच्या माणसानं शिकवलेलं एकही वाक्य मला त्यावर उपयोगाचं नव्हतं. मी तिचं माप घेतलं आणि तिथंच कापड बेतलं. संध्याकाळी तिचा झंपर झाला.

दुसऱ्या दिवशी मी शेटजींकडे मशीन दसऱ्यापर्यंत वस्तीत ठेवायची परवानगी मागितली. त्यांना ते पटेना. आपल्याला मशीन विकायची आहे, कपडे शिवून द्यायचे नाहीत, असं म्हणाले. मी तोवर त्यांच्यापुढे कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"शेटजी, त्यांना मशीन नकोच आहे," मी म्हटलं. "त्यांना दसऱ्याला अंगात घालायला झंपर पाहिजे. तो झाला की मशीन त्या स्वतः मागतील."

त्यांनी रिकामा गल्ला एकदा उघडून पाहिला आणि घेऊन जा म्हणाले.

वस्तीतल्या निंबाखाली मशीन बसली. मी कापायची, आणि शेतातून परत आलेल्या बायका पाळीपाळीनं चाकाची दांडी हातानं फिरवायच्या. पहिल्या शिवणी सापासारख्या वाकड्या गेल्या. सावळ्या बाईनं आपली शिवण स्वतःच उसवली आणि पुन्हा घातली, सरळ होईपर्यंत. सुई मोडली तेव्हा सुई बसवायला शिकल्या, दोरा गुंतला तेव्हा बॉबिन उघडायला. आधी सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते गरज पडल्यावर एकदाच दाखवून पुरलं. झंपर झाले, मग पोरींची झबली, मग पुरुषांचे सदरेही.

निघायच्या दिवशी मी पुलगावच्या फलाटावर गेले. नाचणगावची ती सगळी माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, ताठ उभी होती. गाडी आली तेव्हा सावळ्या बाईनं खिडकीतून हात बाहेर काढून मला बाही दाखवली. खांद्यावर कुठेही चुणी नव्हती. मला रडू आलं आणि हसूही.

नागपूरहून परत आल्यावर आठवडी बाजाराच्या दिवशी वस्तीतल्या बायका घोळक्यानं दुकानात शिरल्या. त्यांनी आपसांत वर्गणी काढली होती. शेटजी खूश होऊन नव्या मशिनीचं पोलाद समजावू लागले.

"ते राहू द्या, शेटजी," सावळी बाई म्हणाली. "आमी ज्या मशीनवर शिवलं, तेच आमाले द्या. तिच्यावर आमचा हात बसला हाये."

तीच मशीन त्यांनी बैलबंडीत घालून नेली. पुढे तिच्यावर आसपासच्या घरांचे कपडे शिवले जाऊ लागले आणि सावळ्या बाईचं दुसऱ्याच्या शेतावर जाणं सुटलं.

शेटजींनी मला देवळी, सेलू, केळझरकडचीही गावं दिली. प्रत्येक ओसरीवर मी आधी मशीनवरचं झाकण न काढता विचारायची, तुमाले काय शिवायचं हाये? त्या हिवाळ्यात दुकानातल्या मशिनी संपल्या आणि मुंबईहून नव्या मागवाव्या लागल्या. कंपनीच्या माणसानं कसं जमवलं म्हणून विचारलं, तेव्हा शेटजींनी त्याला माझ्यासमोर खुर्ची दिली आणि म्हणाले, यांना विचारा.